आक्का, जरा उतरता का

दसऱ्याच्या आधी मी मुकादमाची गाडी रंगवायला काढली, ती मला कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मला कुणी काही सांगतच नव्हतं, हीच माझी अडचण होती. खायला मिळत होतं, झोपायला त्याच्या वखारीत जागा होती, आणि गाडी नसेल तेव्हा दिवसभर मी मोकळा. दुसऱ्याच्या घरचं खाऊन मोकळं बसलेल्या माणसाला दिवस फार मोठा वाटतो.

मी मूळचा समुद्राकडचा, मालवणच्या बाजूचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि गाड्यांवर गेलो. एका मोसमात आंब्याच्या पेट्या घेऊन परभणीला आलो, तिथं कावीळ झाली. ज्याच्या गाडीवर होतो त्यानं मला सरकारी दवाखान्यात सोडलं आणि रिकामी गाडी घेऊन तो परत गेला. मी त्याला दोष देत नाही, त्याला भाडं होतं. शेजारच्या खाटेवर मुकादमाचा कुणी पाहुणा होता. मुकादम त्याला डबा घेऊन यायचा आणि माझ्याकडं बघायचा. चौथ्या-पाचव्या वेळेला म्हणाला, "गाडी येते का रे तुला? मोठी?" मी मान हलवली. "मग चल."

मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणारा माणूस. दसरा झाला की राणीसावरगावच्या वरच्या अंगाला डोंगरात जी वस्ती आहे, तिथली आणि आसपासची माणसं तो गाडीत घालून खाली साखर कारखान्याकडं नेतो. वस्तीवर बहुतेक मेंढरं-शेळ्यावाली माणसं. जमीन थोडी, तीही दगडाची.

तिथं मला आक्का भेटली. तिला सगळेच आक्का म्हणतात. मुकादमाच्या घराला लागून तिची खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. लोकांच्या शेळ्या राखायची. काविळीतून उठलेल्या माणसाला ज्वारीची भाकरी पचत नाही आणि मला तर ती आधीही कधी माहीत नव्हती. मी मुकादमाच्या घरी ताटात भाकरी घेऊन बसायचो आणि तिचे तुकडे इकडचे तिकडे करायचो. आक्कानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासाठी मऊ भात करू लागली. वस्तीवर भात म्हणजे सणाची गोष्ट. तांदूळ ती कुठून आणायची ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला खाता आलं नसतं, आणि मला भूक होती.

"खा रे बाबा," म्हणायची. "तुझ्या मायनं बघितलं तर म्हणल, माझं लेकरू खडकावर नेऊन वाळू घातलं."

तर मी गाडी रंगवली. आमच्याकडं लोखंड उघडं ठेवत नाहीत. खारा वारा असतो, एका पावसात खिळ्याचा भुगा होतो. माझे वडील होडीची कडीसुद्धा तांबडा रंग लावल्याशिवाय वापरत नसत. जिथं घासून लोखंड चमकलं, तिथं लगेच रंग, हे माझ्या हातातच बसलेलं. मी गाडीखाली शिरलो. चासीचा गंज तारेच्या ब्रशनं घासला. बॅटऱ्यांचं खोकं खोललं. त्या गाडीला दोन बॅटऱ्या, त्यांच्या एका टोकाकडून एक जाड पट्टी निघून चासीला बोल्टानं आवळलेली असते. तिला अर्थिंग म्हणतात. तो बोल्ट काढला, पट्टीखालची जागा घासून आरशासारखी केली, आणि उघडं लोखंड दिसलं म्हणून तिथंही ब्रश फिरवला. दोन हात. वाळल्यावर पट्टी परत आवळली.

दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभी केली तेव्हा मुकादम तिच्याभोवती फिरला. "कोकण्या, नवरीवानी केलीस की रे गाडी!" मला लय बरं वाटलं. त्या दिवशी ताटावर बसताना पहिल्यांदा मान वर होती.

गाडी त्यानंतर चालू होत होती. दोन-चार वेळा बाजारपेठेला, एकदा गंगाखेडला गेलो. कधी इंजिनला पहिला झटका देणारा सेल्फ जरा जड फिरायचा, पण मी मनावर घेतलं नाही.

त्याच सुमाराला आक्कानं ठरवलं की या साली ती टोळीबरोबर जाणार. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. बाई एकटी, त्यातून तिच्यासारखी, तिला कुणी नेत नाही. दोन मुकादमांनी तिला आधीच्या सालांत नाही म्हटलं होतं. आमच्या मुकादमानं यंदा हो म्हटलं. ती त्याच्या दारात किती वेळा येऊन बसली ते मी पाहिलंय. हो म्हटल्यावर तिनं राखणीच्या शेळ्या ज्याच्या त्याला परत केल्या, खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली, आणि माझ्याकडून कोयत्याला धार लावून घेतली.

"लोकाच्या शेळ्यामागं फिरून फिरून शेळीवानी बोलायला लागले मी," म्हणाली. "जरा माणसात जाऊ दे मला."

टोळी एकदाच निघते. मागं राहिलेल्याला मग कुणी बोलवायला येत नाही. तिला पुन्हा वर्षभर शेळ्याच.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी वस्तीच्या मधे उभी होती. मागं भांडी, बाजल्या, जळण, कोंबड्यांची टोपली, पोरं, सगळं भरलं. मुकादमाच्या आईनं चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. म्हातारी फार कडक. वस्तीवर तिचा शब्द खाली पडत नसे. मी केबिनचं दार उघडून आक्काला म्हटलं, "आक्का, तुमी इकडं. पुढं बसा."

"पुढं? मागं हाय की जागा."

"गुडघे दुखतात तुमचे. पुढं बसा."

ती बसली. मला वाटलं, तेवढं तरी माझ्या हातात आहे. म्हातारीनं ते पाहिलं. 

मी किल्ली फिरवली. टक.

पुन्हा फिरवली. टक. इंजिन हललंसुद्धा नाही.

समोरचे दिवे लखलखीत लागत होते. हॉर्न दाबला तर कोंबड्या ओरडल्या. मी उतरलो, टर्मिनल आवळली, पांढरं आलं होतं ते गरम पाण्यानं धुतलं. टक. सेल्फला पान्यानं ठोकलं. टक. मागून एक मिशीवाला तोड्या, टोळीतला सगळ्यात बोलका, फाळक्यावर बसून म्हणाला, "डायवर, तिला अजून माहेर सोडवंना. जरा गोंजार."

सगळे हसले. मीही हसलो.

मग बॅटऱ्याच काढल्या. मिशीवाल्याच्या मोटारसायकलवर एक मांडीवर, एक मधे, अशा घेऊन राणीसावरगावला बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काटा लावला. काटा भरपूर सरकला. दुसरीलाही तसाच. "टच्च भरलेल्या हायत," म्हणाला. "ह्यांला काय झालं न्हाई. तुझ्या गाडीत दुसरंच काय तरी हाय."

परत येईपर्यंत ऊन चढलं होतं. गाडीतली माणसं उतरून कडुलिंबाखाली बसलेली. एकटी आक्का केबिनमध्ये तशीच होती, मांडीवर गाठोडं घेऊन. उतरली तर जागा जाईल असं वाटलं असेल. मी बॅटऱ्या बसवताना बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. हळू नव्हतंच ते.

"म्होरं बसवल्यावर काय होणार?"

"मागं बसली असती तर चाललं असतं."

"अगं, नारळ कशापाई फोडायचा मग?"

मी आत चढलो. दिवे लागले. सगळे उठून उभे राहिले. किल्ली फिरवली. टक.

तेव्हा म्हातारी गाडीपाशी आली. माझ्या बाजूनं. आक्काकडं तिनं पाहिलं नाही.

"डायवर, ब्याटरी भरलेली हाय ना?"

"भरलेली हाय, माय."

"गाडीत त्याल हाय?"

"हाय."

"मग काय न्हाई गाडीत?"

मी खाली किल्लीकडं पाहिलं.

"तुला ठाव न्हाई. तू तिकडचा. आमाला ठाव हाय." आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पांढरं कपाळ म्होरं घालून कुणी टोळी काढती का?"

मुकादम जवळच होता. तो पायानं मातीत रेघ मारत होता. खरं सांगायचं तर त्याचाही विश्वास नसावा, पण सगळ्यांनी एकाच बाजूला पाहिलं की मुकादमालाही तिकडंच पाहावं लागतं. तो म्हणाला, "आक्का, मी तुला मागून बोलावतो. आठ-पंधरा दिसांत. एखादी गाडी येतीच की."

 आक्कानं माझ्याकडं पाहिलं.

मला आजही त्या वेळची माझी नजर आठवते, कारण ती मी फिरवली. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडं. तो दिवा चांगला लागला होता.  तीसेक माणसं माझ्या हाताकडं बघत होती आणि माझ्या डोक्यात एकच होतं, की ही गाडी चालू झाली नाही तर मुकादम म्हणेल, चांगली गाडी ह्यानंच खोलली होती. मग मी कुठं जाऊ? घरापासून इतका लांब. मला कोण ठेवेल?

आणि त्याखाली अजून एक होतं. एका क्षणापुरतं मला वाटलं, की असेलही. म्हातारी म्हणते ते असेलही.

"आक्का," मी म्हणालो, "जरा उतरता का?"

ती उतरली. गाठोडं आधी खाली ठेवलं, मग पायरीवर एक पाय, मग दुसरा, गुडघ्याला हात लावून. तिच्या बाजूचं दार लावून घेतलं तेही तिनंच, बाहेरून ढकलून. नाहीतर मला वाकावं लागलं असतं.

"ढकला रे," मुकादम म्हणाला. सगळे बाप्ये मागं लागले. भुसभुशीत मातीत गाडी हातभर पुढं, हातभर मागं झाली, पार मुळापासून हादरली. धक्का मारून चालू होईल एवढी पळाली नाही. पण मी उगाच किल्ली फिरवली.

इंजिन घरघरलं आणि धरलं.

जो ओरडा झाला! म्हातारीनं कानशिलावर बोटं मोडली. बायका धावत मागं चढल्या, म्हातारीही चढली. मिशीवाल्यानं शीळ घातली. मला कुणीतरी खिडकीतून पाठीवर थाप मारली. "बघितलं का?" असं पाचसहा तोंडांतून आलं. मला सुटल्यासारखं झालं, हे मी लपवत नाही. गिअर टाकला आणि उतारावर घेतली. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं. उतारावर आरशात बघावंच लागतं. ती लिंबाखाली नव्हती. घराकडं चालली होती, गाठोडं डोक्यावर.

मुकादम माझ्या शेजारी बसला होता, तिच्या जागेवर. तंबाखू मळत म्हणाला, "बरं झालं तूच म्हणलास. मला म्हणवंना."

राणीसावरगावात दोन कोयते घ्यायचे होते. रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. मी उतरून त्यांची बाजलं वर चढवायला गेलो आणि तेवढ्यात मुकादमानं किल्ली फिरवून गाडी बंद केली. डिझेल वाचवायची त्याला सवय. मी परत आलो, बसलो, किल्ली फिरवली.

टक.

मागचा गलका हळूहळू थांबला. एक पोर रडत होतं, तेही कुणीतरी उगी केलं. मी परत फिरवली. टक.

मग मागून मिशीवाल्याचा आवाज आला. "आता कुणाला उतरवायचं? मुकादमाला?"

कुणी हसलं नाही लगेच. मग एक बाई फिस्सकन हसली आणि मग सगळे. म्हातारी म्हणाली, "सावली पडलीय तिची गाडीवर." पण आता तिचा आवाज मघासारखा नव्हता.

मी गाडीखाली शिरलो. तिथं मला एकट्याला बरं वाटलं. बॅटऱ्या भरलेल्या, दुकानदारानं काटा दाखवलाय. सेल्फ चांगला, आताच वस्तीवर फिरला. मग मधली वाट उरते. करंट जातो आणि परत यायला त्याला जागा नसते. दिव्यांना थोडकं लागतं, ते त्यांना मिळतं. सेल्फला भरपूर लागतं. हे मला आधी सुचायला हवं होतं, गाड्यांवर मी पोरवयापासून आहे. सुचलं नाही, कारण मी गाडीकडं बघतच नव्हतो, माणसांकडं बघत होतो.

हत्यारांच्या खोक्यातली जाड वायर काढली. एक टोक बॅटरीच्या टर्मिनलला, दुसरं थेट इंजिनच्या अंगाला दाबून धरलं आणि मुकादमाला ओरडलो, "मारा!"

एका झटक्यात चालू.

"बंद करा." वायर काढली. "मारा." टक.

म्हणजे अर्थिंगची पट्टीच. पाना लावला, बोल्ट सोडवला. पट्टी अजून गरम होती, बोटाला चटका बसला. ती बाजूला केली आणि खाली तांबडा रंग. माझा. दोन हात दिलेला, ब्रशचे केस चिकटलेले. मधे एका ठिकाणी पैशाएवढं जळून काळं झालेलं, तिथून काय तो करंट जात होता इतके दिवस. वस्तीवर बाप्यांनी गाडी हादरवली तेव्हा तो ठिपका पुन्हा टेकला असणार, एवढंच.

मी अंगठ्यानं तो रंग खरडायला लागलो. ब्लेडसुद्धा घेतलं नाही हातात, अंगठ्यानंच. कुणी बघायच्या आत जावा असं वाटत होतं. पण मिशीवाला शेजारी येऊन वाकला होता.

"काय रे ते तांबडं?"

"रंग हाय."

"कुणी लावला तिथं?"

"मी."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग उठला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "कोकण्यानं नवरीला इतका रंग फासला, की तिचा श्वासच कोंडला!"

काय हसले लोक. बायका डोळे पुसायला लागल्या. म्हातारीसुद्धा. मुकादम खाली बसून बघत म्हणाला, "अरे, तिथं कशाला लावायचा?" मी सांगितलं, आमच्याकडं उघडं ठेवत नाहीत. "हिकडं कुठला समुद्र हाय रे, हिकडं प्यायला पाणी न्हाई!" पुन्हा हसणं. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. माणूस चुकतो. चांगल्यापाईच केलंस."

झालं. माझी चूक एवढ्यात संपली. चहा मागवला गेला, मलाही दिला. मी ब्लेडनं जागा घासून चमकवली, पट्टी कडक आवळली, गाडी चालू केली. एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी पहिल्या झटक्यात. आणि वाट बघत राहिलो की कुणीतरी आक्काचं नाव काढेल. एखादी बाई म्हणेल, अगं मग तिला उगाच. म्हातारी काही म्हणेल. चहा संपला, ग्लास परत गेले. कुणी काही म्हणालं नाही. मला तर माणूस चुकतो म्हणून मोकळं केलं होतं. तिचं काही चुकलंच नव्हतं, त्यामुळं तिला मोकळं करायची कुणाला गरज वाटली नसावी.

"मुकादम," मी म्हणालो, "आक्काला आणतो."

त्यानं आईकडं पाहिलं. म्हातारी म्हणाली, "निघालेलं माघारी फिरत नसतं."

इथं मी म्हणायला हवं होतं, की मी तिला उतरवलं, मीच आणणार, नाहीतर गाडी दुसऱ्यानं चालवा. घरून निघाल्यापासून मी कुणाला असं बोललो नाही. मी काय म्हणालो? "तसं न्हाई. ब्याटरी उतरलीय जरा, सारखी किल्ली मारून. गाडी अर्धा घंटा चालू ठेवावी लागंल. तवर मी रिकामाच. जाऊन येतो."

बॅटऱ्या टच्च भरलेल्या होत्या. मुकादमालाही ते माहीत होतं, मीच त्याला सांगितलेलं. तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. "जा," म्हणाला. "गाडी बंद करत न्हाई मी."

मिशीवाल्याची मोटारसायकल वस्तीवरच राहिली होती. मी चहावाल्याची मागून घेतली.

आक्का घरी नव्हती. दाराला कडी. मी ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो, तर ती तिथं होती, आठ-दहा शेळ्यांमागं. आधी परत केलेल्याच शेळ्या. गाडी गेल्या गेल्या जाऊन मागून आणल्या असणार. काय म्हणून मागितल्या असतील, आणि त्या घरच्यांनी काय विचारलं असेल?

"काय विसरलं?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. रंग, पट्टी, राणीसावरगावात पुन्हा बंद पडली ते. लवकर लवकर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. एक शेळी बाभळीवर पुढचे पाय टाकून उभी होती, तिच्याकडं बघत होती ती.

"म्हंजे तू मला उतर म्हणलास, तवा तुला ह्ये रंगाचं ठाव नव्हतं?"

"न्हाई आक्का. आईची शप्पथ."

"मग कशापाई उतर म्हणलास?"

मला वाटलं होतं, माहीत नव्हतं हे सांगितलं की माझं ओझं कमी होईल. तिनं विचारल्यावर कळलं की तेच जास्त वाईट. माहीत असून लपवलं असतं तर मी लबाड ठरलो असतो. माहीत नव्हतं, म्हणजे मी म्हातारीचं खरं मानलं. तिच्या हातचा भात खाऊन उठलेला मी.

"बोल की."

"लोक बघत होते," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "बघत होते."

 मग तिनं काठी आपटून त्यांना गोळा करायला सुरुवात केली. "थांब. ज्याच्या त्याच्या दावणीला बांधून येते. उगं मोकळ्या सोडून गेले म्हणून अजून एक नाव नको."

"आक्का, माझं चुकलं."

"त्ये झालं. तुझ्यासाठी न्हाई येत मी. टोळीत नाव हाय माझं, म्हणून येते."

मोटारसायकलवर ती गाठोडं मधे ठेवून बसली. माझ्या खांद्याला हात लावला नाही, मागच्या लोखंडाला धरून बसली. उतारावर मी फार हळू चालवली.

गाडी रस्त्याच्या कडेला घरघरत उभी होती. आक्का उतरली तशी मागची बोलणी थांबली. मुकादम केबिनमधून उतरून बाजूला झाला आणि म्हणाला, "बस, आक्का," जणू ती पाणी प्यायला गेली होती. मला वाटलं ती मागं जाईल. ती पुढं चढली, आपल्या आपण. गाठोडं पायाशी ठेवलं. मी माझ्या बाजूनं चढलो, दार लावलं आणि गिअरवर हात ठेवला.

"गाडी चालूच ठिवली?" तिनं विचारलं.

"ब्याटरी..." मी म्हणालो.

"सकाळी तर तू म्हणलास दुकानदार म्हणला भरलेली हाय. मी हितंच बसले होते, ऐकलं मी."

मुकादम तिच्या पलीकडं चढत होता. तो थांबला. मागच्या जाळीतून दोन-तीन तोंडं डोकावत होती, त्यांत म्हातारीचंही होतं.

"बंद कर," आक्का म्हणाली.

"अगं आक्का," मुकादम म्हणाला, "चालू हाय तर जाऊ की आता. उशीर..."

"बंद कर म्हणते. अन् माझ्यासंगं चालू कर."

तेव्हा मला माझंच कळलं. मी पट्टी काढली होती, रंग खरडला होता, तीन वेळा किल्ली मारून पाहिली होती. अंगठ्याच्या नखात तो तांबडा रंग अजून होता. आणि तरी तिला आणायला जाताना मी गाडी चालू ठेवून गेलो, आणि ती चढल्यावरही बंद केली नाही. मुकादमाला खोटं सांगितलं ते तिला आणता यावं म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. पण ती शेजारी बसलेली असताना किल्ली फिरवायची मला भीती वाटत होती.

मी गाडी बंद केली. रस्त्यावरचा आवाज एकदम जवळ आला. पलीकडच्या दुकानात कुणीतरी शटर ओढत होतं. मी किल्लीला हात लावला.  आक्कानं माझ्याकडं पाहिलं. हाताकडं. मग समोर.

फिरवली. पहिल्या झटक्यात चालू झाली.

मागं ओरडा झाला नाही. मिशीवाला एकटाच काहीतरी म्हणाला, कुणी साथ दिली नाही. जाळीतली तोंडं मागं सरली. नसती झाली तर काय झालं असतं, हे मी त्या वेळीही मनात आणलं आणि आजही आणतो. नसती झाली तर तिनं पुन्हा उतरायचं? मी पुन्हा म्हणालो असतो?

"चल," आक्का म्हणाली.

मी निघालो. केबिन अरुंद, तिघं बसलेले. तिचा गुडघा गिअरच्या दांड्याच्या आड येत होता. प्रत्येक गिअर बदलायच्या आधी ती तो थोडा बाजूला घ्यायची, समोर बघत, दुखऱ्या गुडघ्याला दोन्ही हातांनी धरून. घाट उतरेपर्यंत मी किती वेळा गिअर बदलले! एवढंच म्हणायचं होतं, की आक्का, जरा तिकडं सरकून बसा, म्हणजे गुडघा सारखा हलवावा लागणार नाही. तोंडापर्यंत आलं. पण सकाळी त्याच तोंडानं मी दुसरं काही म्हणालो होतो, आणि मला ते म्हणता येईना. खाली सपाटीला लागल्यावर मुकादमच म्हणाला, "आक्का, माझ्याकडं सरक की जरा," आणि ती सरकली.